दोन रकाने

हार्डवेअरच्या दुकानातल्या कॅलेंडरमागे
रेइनोने पेन्सिलीने मधोमध रेघ ओढली.
डावीकडे देवदार. उजवीकडे ते नवं,
भुसा आणि वितळवलेल्या पिशव्यांचं.
चष्मा कपाळावर, जीभ दातांत.
बावन्न वर्षांपूर्वी, लग्नाआधीही
त्याने अशीच एक यादी केली होती.
माझ्या रकान्यात काय होतं
ते अजून सांगत नाही.

डेक कुजलाय, यावर वाद नाही.
पायरीजवळच्या फळीत स्क्रूड्रायव्हर
भिजल्या पावात जावा तसा गेला.
सुपीरियर सरोवरावरचं धुकं
एकोणीस वर्षं मुरलंय तिच्यात.

देवदार: पहिल्या दिवशी स्वस्त.
देवदार: तेलपाणी पाचवीला पुजलेलं,
आणि रेइनोचा उजवा खांदा
आता कानाच्या वर जात नाही.
देवदार: कुसळं.
त्याच्या टाचेतली मी सुईने काढते, दिव्याखाली,
आणि तो शहाण्णव किलोचा माणूस
शाळकरी पोरासारखा तोंड फिरवतो.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं? मी विचारलं.
त्याने पेन्सिल कानावर ठेवली.

नवं: कुजत नाही, मुंग्या पोखरत नाहीत.
नवं: पंचवीस वर्षांची हमी.
रेइनो अठ्ठ्याहत्तरचा.
बेरीज करून ओठांतल्या ओठांत हसला,
म्हणजे तक्रार घेऊन जायचं एकशे तिसाव्या… नाही,
एकशे तिसऱ्या वर्षी.
आइला फोनवर म्हणाली,
बाबा, हमी घराबरोबर नव्या मालकाकडे जाते.
मग जरा वेळ फोनच्या दोन्ही टोकांना
कुणीच काही बोललं नाही.

नवं: जुलैत तापतं.
शेजारच्या ओडेटने गडद चॉकलेटी घेतलं,
तिचा कुत्रा दुपारी दारातून
तिरपी उडी मारून थेट गवतात पडतो.
नवं: चरा पडला की पडला, रंधा चालत नाही.
नवं: तुळया जवळजवळ हव्यात,
नाहीतर मध्ये झोळ पडतो.
आणि त्या तुळया मात्र लाकडाच्याच.

शेवटी हे जळतं का? रेइनोने विचारलं.
विक्रेत्याला वाटलं, म्हातारा आगीला भितो.
त्याने लगबगीने पत्रक उघडलं.
रेइनो विचारत होता सौनाच्या भट्टीचं.
त्याच्या बापाने गोठा मोडला तेव्हा
त्या फळ्यांवर सगळं घर दोन हिवाळे न्हालं होतं.
आमच्याकडे वस्तू संपते ती ऊब देऊन.
हे नवं भट्टीत घालायचं नाही,
पुरलं तर माती व्हायचं नाही.

त्याने दिलेला हातभर नमुना
ऑक्टोबरात मी अंगणातल्या ओंडक्यावर ठेवला,
शेजारी तेवढाच देवदाराचा तुकडा.
बर्फ आलं, बसलं, उशिरा गेलं.
मेमध्ये देवदार राखाडी,
एका टोकाला शेवाळाचा ठिपका,
चिरेत कोळ्याने बिऱ्हाड केलेलं.
नमुना जसाच्या तसा.
काही झालं नाही त्याला, रेइनो म्हणाला,
आणि उजवीकडे अधिकचं चिन्ह काढून लिहिलं.
काही झालं नाही त्याला, मीही म्हणाले,
आणि त्याच्याच खाली
उणेचं चिन्ह काढून
तेच वाक्य लिहिलं.

नवंच मागवलं. खांद्याने ठरवलं, आम्ही नाही.
जुन्या फळ्यांतले खिळे रेइनोने एकेक उपटले,
सरळ केले, डब्यात भरले,
कशासाठी ते मी विचारलं नाही.
शनिवारी पहिल्या दोन फळ्या भट्टीत गेल्या.
एकोणीस वर्षांचं तेल चरचरलं.

न्हाऊन, अंगातून वाफा निघत असताना
अनवाणी आलो नव्या डेकवर.
गार. गुळगुळीत. कुठे काही टोचेना.
तरी रेइनो चवड्यांवर चालत होता,
आणि मी म्हणून गेले,
थांब, दिवा लावते.